मशेरीनं बिघडवलेलं दार

मी एक जुना निकोटिनी ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आहे. जुना म्हणजे पंधरा दिवसांचा. आमच्यात तेवढ्यावर म्हातारा म्हणतात. मित्रांनो, माझा मुक्काम सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नीलमच्या मेंदूत.

पाच प्रथिनं पेशीच्या भिंतीत गोल उभी राहिली, की मधे उरतं ते दार म्हणजे मी. मला दोन खाचा आहेत. ॲसिटिलकोलिन नावाचा सभ्य निरोप्या दोन्हींत बसला की मी उघडतो, सोडियम आत शिरतं, पेशी जागी होते. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, निरोप्याला मोडून टाकतं. पापणी लवायच्या आत सगळं उरकतं. लक्ष देणं, शिकणं यांत आमचा हात असतो. नीलमनं कधी चौकशी केली नाही.

निकोटिन मात्र निर्लज्ज पाहुणा. माझ्या नावात त्याचं नाव आहे, हीच माझी बेअब्रू. ते खाचेत ठाण मांडतं, विकराला दाद देत नाही. मी बधिर होतो. पेशी आणखी ग्राही उभे करते. रात्रभरात आम्ही शुद्धीवर येतो आणि सकाळी सगळे मिळून तोंड वासतो. याला नीलम तलफ म्हणत नाही, ‘दात घासायचेत’ म्हणते. तव्यावर तंबाखू काळी करून कुटायची, तिला मशेरी म्हणायचं, आणि अर्धा तास एकच दाढ घासायची!

नीलमला सहावा महिना. सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी भरलं. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू खाता?”

“छ्या! न्हाई बा.” ती अगदी मनापासून म्हणाली. डॉक्टरांनीही ‘नाही’वर खूण केली. एवढं शिक्षण, पण नाक नाही.

चार दिवसांनी आशाताई हर्षदा आली, तेव्हा नीलमचं बोट तोंडातच होतं.

“अगं, ही तंबाखूच हाय. बाळाला पोचती.”

“मशेरी कुठं तंबाखू असती?” सासू सारजाबाई कडाडल्या. “दाताचं औषध हाय. चार पोरं काढली मी हिच्यावर.”

“त्यातलाच एक माझ्या पदरात पडलाय,” नीलम पुटपुटली. मग तिनं चूळ भरली. “आत्या, बाळ झाल्यावर त्येच्या हिरड्यांना लावाल हे औषध?”

“खुळी का काय? चक्कर यील त्येला!”

“मग आत्ता काय येत नसंल?”

सारजाबाईंनी मशेरीची डबी कनवटीला खोचली.

नीलमनं मशेरी सोडल्याचा आज तिसरा दिवस. तिचं डोकं ठणकतंय, भांडी आपटली जातायत. ती आमचीच करामत. आम्ही लाखोंनी बोंबलतोय. आणि तिकडे, पोटातल्या इवल्या मेंदूत, माझी भाचरं पहिल्यांदाच रिकाम्या खाचा घेऊन सभ्य निरोप्याची वाट बघतायत. तेव्हा मित्रांनो, कळकळीची विनंती: माझं काहीएक ऐकू नका.