धुराचा अर्ज

"धूर कुणाचा?" साहेबांनी अर्ज उलटापालटा करत विचारलं.

"वीज केंद्राच्या चिमणीचा. आमच्या क्वार्टरच्या डोक्यावरच आहे ती. बायकोला दमा आहे, साहेब. नदीपलीकडचं क्वार्टर मिळालं तर..."

"मग वीजवाल्यांकडे जा. आपली रेल्वे धूरमुक्त झाली." साहेबांनी भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवलं.

मालगाडीच्या ड्रायव्हरचं डोकंच फिरलं. वीस वर्षं डिझेलचा धूर खाऊन त्यानं विजेच्या इंजिनाचं प्रशिक्षण घेतलं होतं, ते बायकोसाठीच. अंगावरचा धूर घरात जायला नको, एवढाच हेतू. आता तो कामावरून स्वच्छ शर्टात परतायचा. बायको तो शर्ट धुऊन अंगणात वाळत घालायची आणि संध्याकाळी राखेनं करडा झालेला काढून आणायची, खोकत खोकत.

"साहेब, आपल्या तारेतली वीज त्याच चिमणीची. तिचा कोळसा मीच ओढून आणतो. आधी दिवसाला चार गाड्या लागायच्या, आता पाच. मग हा धूर काय माझ्या सासऱ्याचा?"

साहेबांना हसू फुटलं. "अहो, शंभर इंजिनांपेक्षा एका चिमणीला गाळणी बसवणं सोपं नाही का?"

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तो जास्त चिडला. प्रशिक्षणात हेच ऐकून त्यानं मान डोलावली होती. पण ती मेली गाळणी तीन वर्षं 'पुढच्या वर्षी' बसत होती!

"धुरासाठी क्वार्टर बदलून मिळायची सवलत फक्त डिझेलवाल्यांना," साहेब म्हणाले. "नदीपलीकडच्या यार्डात डबे ढकलायला एक जुनं डिझेल इंजिन उरलंय. जाता? क्वार्टर लगेच मिळेल."

म्हणजे पुन्हा धुरात बसायचं, तेव्हा कुठे बायकोला हवा मिळणार. दातओठ खात त्यानं सही ठोकली.

आठवड्यानं सामान टेम्पोत चढलं. किल्ली घ्यायला नवा ड्रायव्हर दारात हजर होता, नुकताच विजेच्या इंजिनावर आलेला, एकदम खुशीत. त्याची बायको अंगणातली दोरी ओढून बघत होती. कडेवर चार महिन्यांचं बाळ.

"किती छान ऊन येतं हो इथे!" ती म्हणाली.

जुन्या ड्रायव्हरनं मान खाली घातली. त्याची बायको टेम्पोतून उतरली, धापा टाकत तिच्यापाशी गेली.

"बाळाचे कपडे घरातच वाळत घाल हं," ती म्हणाली. "आणि खिडकी लावून घेत जा."