जेटवरचा आकडा

११५

हा आकडा पितळेवर ठोकलेला आहे. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा स्क्रू, मधे आरपार भोक. इंजिनला मिळणारं पेट्रोल त्या भोकातून जातं. ११५ म्हणजे एक पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर. वाचायला भिंग लागतं. मोजायला सुया लागतात, पण सुया लावतो कोण? आकडा लिहिलेला असतो की.

जेट माझ्या बाबांनी बसवलेला. गाडी दातांच्या डॉक्टरांची, वयाने माझ्याहून वीस वर्षं मोठी. बाबांनी तिचा कार्बोरेटर जमवला होता तेव्हा ती चढावर नव्या गाड्यांना मागे टाकायची, असं अजून सांगतात. आता ती पुन्हा आली होती.

"ही धड चालवून दाखव," बाबा म्हणाले. "गॅरेजची चावी तुझी."

बावीस वर्षं मी त्या गॅरेजात हात काळे केलेत. चावी रोज बाबांकडून मागून घ्यायची, संध्याकाळी परत द्यायची.

१२८

व्हेंचुरी म्हणजे कार्बोरेटरचा गळा. हवा आवळली जाते ती जागा. बाबांनी तो लेथवर कापून बत्तीस मिलिमीटर केला होता. कॅलिपर लावला की दिसतं, लपवायची सोय नाही. जेट गळ्याच्या चौपट, हा ढोबळ नियम. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. म्हणजे एकशे तीसच्या आसपास हवा.

बाबांच्या जेटवर ११५.

मी नियमावर शंका घेतली.

नियम काय, कोणाचाही असतो. बाबांचा कान बाबांचा होता. गाडी वळणावर असतानाच ते सांगायचे, तिसरा सिलिंडर रडतोय. "तुला कान नाही," हे मी लहानपणापासून ऐकत आले. कान नाही तर हे ऐकू कसं आलं, असं विचारायची टाप नव्हती.

डॉक्टरांना सगळं पितळ नवं हवं होतं. मी नवा ११५ आणून बसवला. जुना डब्यात टाकला. एक फेरी मारून प्लग काढला. पांढरा, खडूसारखा. पेट्रोल कमी पडून इंजिन आतून फार तापलं की असा होतो.

"बाबा, प्लग पांढरा येतोय."

"मग?"

"जेट वाढवू?"

"माझा जेट? तू वाढवणार?" त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "कान नसला की असं डोळे फाडून बसावं लागतं."

नाही वाढवला.

भोक

बाबांच्या टेबलावर एक जुना पिस्टन आहे. उलटा ठेवलाय, त्यात पेनं. त्याच्या माथ्याला, कडेच्या जरा आत, अंगठा जाईल एवढं वितळलेलं भोक. बारीक पेन्सिल त्यातून टेबलाला टेकते.

तो काकांनी जाळलेला, अशाच दुसऱ्या एका गाडीचा. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. शेजारच्या बाकावर काम करायचे. पिस्टन जळला, गिऱ्हाईक बोंबललं, बाबांनी काकांना काढलं. ते आता दोन गल्ल्या पलीकडे सायकली दुरुस्त करतात. आमच्या घरी दूध उतू गेलं, नळ गळला, की म्हणायचं, "काकांचा हात लागला वाटतं!" सगळ्यात मोठ्याने मी म्हणायचे. लोक हसायचे. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तेवढ्यापुरताच ठेवायचे.

डॉक्टरांची गाडी लांबच्या चढावर धूर ओकून बंद पडली. ओढून आणली. मी इंजिन उघडलं.

तसंच भोक. कडेच्या जरा आत.

१३०

तेव्हा कुठे जुन्या जेटला सुया लावल्या. १.१५ खुळखुळली. १.२० सैल. १.२५ सैल. १.३० घट्ट बसली.

"हे भोक मोठं केलंय," मी बाबांना म्हणाले.

"हो. रीमर फिरवला होता."

"आणि आकडा तसाच?"

"आकडा कशाला पुसायचा? धाकटा चोरून बघायचा माझी कामं. म्हटलं, बघ बाबा. पोटभर बघ."

"आणि मी प्लग दाखवला तेव्हा?"

"लक्षात होतं माझ्या."

"बोलला नाहीत."

"तुझं तुला कळतंय का, ते बघत होतो."

मी पुढचं विचारायला नको होतं. विचारलं. "चावी?"

"पिस्टन जाळणाऱ्याला?" बाबा म्हणाले, आणि पेन शोधू लागले.

मी पेनं टेबलावर ओतली आणि पिस्टन उचलला.

१२५

काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी दोन्ही पिस्टन त्यांच्या बाकावर ठेवले.

"हा माझा." लगेच ओळखला त्यांनी. "आणि हा कुणाचा?"

"माझा."

जुना जेट त्यांच्या हातावर ठेवला. काय ते सांगितलं. मी दुधावरून काय काय म्हणायचे, तेही सांगून टाकणार होते.

"किती म्हणालीस खरा?"

"एकशे तीस."

ट्यूब पाण्यात तशीच राहिली. बुडबुडे येत होते.

"एकशे पंचवीसपर्यंत गेलो होतो गं मी," काका म्हणाले. "आवाज सुधारत होता. अजून थोडं, अजून थोडं, असं कानाला कळत होतं."

"मग थांबलात का?"

"वाटलं, माझाच कान खोटा. परत एकशे पंधरा घातला. तो आकडा दादाने स्वतः बोलावून दाखवला होता मला. भिंगसुद्धा त्यानेच धरलं होतं."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, जेट दाराच्या उजेडात धरला. भोकाकडे पाहिलंच नाही.

"बघ ना," म्हणाले, "किती स्वच्छ ठोकलाय."