बोटांनी पाहिलेला रंगमंच

मित्रांनो, मी एक जुना रंगमंच आहे; पण माझ्यावर चढायला जाऊ नका. मी पुठ्ठ्याचा आहे आणि जेवायच्या एका पाटावर आरामात मावतो. माझी मागची भिंत जरा वाकली आहे. डाव्या बाजूला एक फाटलेली जागा आहे. ती कशी फाटली, ते पुढे सांगेनच.

माझा जन्म देऊळघाटला झाला, मिक्सरच्या खोक्यातून. मला जन्म देणाऱ्या बाईंचे नाव सुचिता. त्या ब्लाऊज शिवतात. घरात सासरे शेषराव, सासू झुंबरबाई आणि नवरा दीपक. शेषरावांचा भाजीचा मळा. पण गावात त्यांची ओळख वेगळीच. गावाच्या नाटक मंडळीची कितीतरी नाटके त्यांनीच बसवली होती. पुढे काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली. आधी बाजूचे दिसेना, मग समोरचे पुसट झाले. डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढेच त्यांना कळे.

एके दिवशी मंडळीतला अविनाश घरी आला. बुलढाण्याच्या नाट्यमहोत्सवाचे बोलावणे आले होते. 'मोटारीतला पाहुणा' हे विनोदी नाटक करायचे मंडळीच्या मनात होते. ते बसवण्याची शेषरावांची फार वर्षांची इच्छा होती.

"काका, नाटक तुम्हीच बसवा," अविनाश म्हणाला.

"मले दिसत नाही बापा. नट कुठं उभा आहे हेच कळत नाही, तं मी काय बसवू? दुसरा पाहा कोणी," शेषराव म्हणाले, आणि उठून भिंतीच्या आधाराने मळ्याकडे निघून गेले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

सुचिताने हे सगळे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून खोके काढले, टेप घेतली, कात्री घेतली. मंडळी ज्या सभागृहात तालीम करायची, त्याचा रंगमंच ती आधी मोजून आली. एका फुटाला अर्धा इंच, असे माप धरून तिने मला कापले. कापड बेतावे तसे तिने मला बेतले. मागे एक दार, उजवीकडे माजघराचे दार, डावीकडे गोठ्याचे दार. दारांना तिने जुन्या साडीच्या काठाच्या बिजागऱ्या लावल्या, म्हणजे ती खरोखर उघडत आणि मिटत. मग मला पाटावर ठेवून तिने शेषरावांचा हात धरला आणि माझ्यावर ठेवला.

"हे काय व्हय?" ते म्हणाले.

"तुमचं नाटक आहे, मामाजी. पाहून घ्या."

त्यांची बोटे माझ्या कडेकडेने फिरली. मागच्या दाराशी थांबली. दार उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग म्हणाले, "हे दार लय उंच झालं. बुटकं कर."

मित्रांनो, हे त्यांचे दिग्दर्शनाचे पहिले वाक्य. हे ऐकून सुचिता स्वयंपाकघरात गेली आणि पदराने डोळे पुसून परत आली. मग तिने कात्री घेतली आणि दार बुटके केले.

दार बुटके का, तेही सांगतो. नाटक आहे सन एकोणीसशे चाळीसच्या सुमाराचे. खेड्यातल्या आबासाहेबांच्या घरी शहरातला नवरदेव मुलगी पाहायला मोटारीने येतो. वाटेत मोटार चिखलात रुतते, नवरदेवाचे कपडे बरबटतात, म्हणून तो ड्रायव्हरचे कपडे घालतो आणि आपला कोट ड्रायव्हरला देतो. घरची माणसे ड्रायव्हरलाच जावई समजून पाटावर बसवतात आणि खऱ्या नवरदेवाला गोठ्यात पाठवतात. शेषरावांचे म्हणणे असे, की तेव्हाच्या घरांची दारे बुटकी असत. खेड्यात वाढलेला माणूस न सांगता वाकतो, शहरातला माणूस कपाळ आपटून घेतो. "ड्रायव्हर कोट घालूनही वाकला पाहिजे, अन् नवरदेव दरखेपी आपटला पाहिजे. म्हणजे कोण कोण आहे हे लोकायले कळते, घरच्यायले कळत नाही. हसू तिथं आहे," ते म्हणाले.

नटांसाठी सुचिताने हाताला ओळखू येतील अशा वस्तू शोधल्या. सुपारी म्हणजे नवरदेव. चिंचोका म्हणजे ड्रायव्हर. मोठे बटण म्हणजे मुलगी, आणि खारकेची बी म्हणजे आबासाहेब. शेषराव रोज सकाळी मला मांडीवर घेत आणि या चौघांना माझ्यावर फिरवत. कोण कुठून आला, कोण कोणाच्या आड गेला, हे ते पुटपुटत. एकदा सुपारी सापडेना. सगळे घर शोधले. झुंबरबाईंनी ती पूजेच्या ताटात ठेवली होती.

"माह्या नवरदेवाले देवापुढं बसवलं का?" शेषरावांनी विचारले.

"बसू द्या घडीभर. लग्नाआधी देवाचं दर्शन बरंच असते," झुंबरबाई म्हणाल्या, आणि दुसरी सुपारी देईनात. पूजा झाल्यावर त्यांनी तीच परत दिली.

घराची सजावट ठरवताना तर मला शेषरावांचे फार कौतुक वाटे. भिंतीवर काय असावे, खुंटीला काय लटकावे, हे ते डोळे मिटून सांगत. सुचिताने कुठूनतरी रंगीत चटई आणली, तर त्यांनी ती हाताने चाचपली. "हे प्लास्टिक आहे. आबासाहेबाच्या घरी घोंगडी पाहिजे," असे सांगून परत पाठवली.

मग आली उजेडाची अडचण. त्या काळात वीज नव्हती, घरात कंदील. प्रकाशयोजना करायला बुलढाण्याहून जीवन येत असे. तो म्हणाला, "कंदिलाचं घर दाखवायचं तं अंधार ठेवावा लागते, काका."

अविनाश म्हणाला, "अंधारात माह्यं तोंड दिसलं नाही, तं लोक हसतीन काऊन?"

दोघांचेही खरे होते. शेषरावांनी सुचिताला टॉर्च आणायला सांगितली आणि काचेवर संत्र्याच्या गोळीचा नारिंगी कागद बांधायला लावला. माझ्या खोलीत आधी मंद उजेड ठेवला. मग चिंचोका हातात कंदील घेऊन आत येतो असे धरून सुचिताने टॉर्च बाजूने आत आणली. माझी पुठ्ठ्याची भिंत एकदम घरासारखी दिसू लागली.

"कंदील आला की त्या बाजूचा उजेड वाढव. कंदील गेला की कमी कर," शेषराव जीवनला म्हणाले. "माणूस उजेड घेऊन येते, असं लोकायले वाटलं पाहिजे. तोंडही दिसते अन् काळही दिसतो."

जीवनने टॉर्च हातात घेऊन स्वतः एकदा करून पाहिले. मग त्याने त्यांच्या पायाला हात लावला. त्याने तालमीला नवे एलईडी दिवे आणले होते. शेषरावांनी मात्र जुने हॅलोजन मागून घेतले. "एलईडी थंड असते. हॅलोजन गालाले लागते," ते म्हणाले. ते स्वतः रंगमंचावर जागोजागी उभे राहत आणि कोणत्या गालावर किती ऊब येते त्यावरून दिवा फिरवायला सांगत. मी प्रेक्षकांच्या पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसून हे पाहत असे.

पण सगळेच काही सुरळीत नव्हते. तालमीत नट एकमेकांवर आदळत. विनोदी नाटकात एक पाऊल उशीर झाला की हसू निघून जाते. एकदा अविनाश सुचिताला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नोका. काकांबद्दल आदर आहे. पण महोत्सव जवळ आला. कोणी डोळस माणूस पाहू."

शेषरावांचे कान तीक्ष्ण होते. त्यांनी ते ऐकले, पण रागावले नाहीत. "अविनाश, तो शेवटचा प्रवेश पुन्हा कर," एवढेच म्हणाले. अविनाशने केला. तो ड्रायव्हरचे काम करत होता.

"आता सांगतो," शेषराव म्हणाले. "तू बोलतानी मुलीकडं तोंड फिरवतो. तुहा आवाज भिंतीले ऐकू जाऊन राह्यला, लोकायले नाही. अन् दारातून आल्यावर तू थांबतो, मग बोलतो. थांबू नोको. बोलतच आत ये, म्हणजे मागचा तुह्यावर आदळत नाही."

अविनाशने तसे केले. त्या प्रवेशात कोणी कोणावर आदळले नाही. अविनाश खाली उतरला, शेषरावांजवळ बसला आणि म्हणाला, "काका, तुमाले सगळं दिसते."

"दिसत नाही रे," ते म्हणाले. "ऐकू येते. अन् हे आहे ना," असे म्हणून त्यांनी मला थोपटले.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी आम्ही बुलढाण्याला पोचलो. मी सुचिताच्या मांडीवर, ओढणीत गुंडाळलेला. सभागृहात शिरताच अविनाश थांबला. रंगमंचाच्या डाव्या बाजूला एक लोखंडी जिना पक्का बसवला होता. तिकडून ना कोणी आत येऊ शकत होते, ना बाहेर जाऊ शकत होते. आमच्या गोठ्याच्या दाराला जागाच नव्हती.

"शेवटचा प्रवेश गेला," अविनाश खुर्चीवर बसून म्हणाला. "ड्रायव्हर बाहेरून, नवरदेव गोठ्यातून, दोघं समोरासमोर येतात अन् खरं उघडं पडते. आता नवरदेव येईन कुठून? माजघरातून तं परका माणूस येत नाही."

मुलीचे काम करणारी रेणुका वेणी घालता घालता थांबली. कोणी म्हणाले, नाव मागे घेऊ. कोणी म्हणाले, शेवट न करताच पडदा पाडू. शेषराव म्हणाले, "तो रंगमंच द्या इकडं."

मला त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी माझे डावे दार हाताने शोधले, आणि मित्रांनो, ते उपटून काढले. साडीच्या काठासकट पुठ्ठा फाटला. मला दुखले की नाही हे मी सांगणार नाही. पण त्या क्षणी मला एवढे कळले की आता मी खराखुरा रंगमंच झालो, कारण समोरच्या मोठ्या रंगमंचावर जे होते तेच माझ्यावर होते.

त्यांनी एका हाताने सुपारी मागच्या दाराशी आणली, दुसऱ्या हाताने चिंचोका. दोघे एकाच बुटक्या दारात आले आणि अडकले. शेषरावांनी सुपारी मागे घेतली, पुन्हा आणली. पुन्हा दोघे अडकले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"जमत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दोघं एका दारातून निघत नाही."

सुचिता वाकून पाहत होती. ती म्हणाली, "मामाजी, अडकू द्या ना."

त्यांनी मान वर केली.

"दोघायले दारातच अडकू द्या," ती म्हणाली. "कोट घातलेला ड्रायव्हर मालकाले पाहून म्हणतो, आधी तुम्ही. नवरदेव म्हणतो, आधी तू. घरचे पाहून राह्यले की त्यायनं मानलेला जावई ड्रायव्हरले 'तुम्ही' म्हणते अन् ड्रायव्हर जावयाले 'तू' म्हणते. तिथंच सगळं उघडं पडते."

शेषरावांनी सुपारी आणि चिंचोका दोन्ही माझ्या दारात दाबून बसवले. मग इतके हसले की मी त्यांच्या मांडीवर हलू लागलो. "जीवन," त्यांनी हाक मारली, "शेवटी सगळा उजेड या एका दारावर पाहिजे."

संध्याकाळी नाटक सुरू झाले. शेषराव मला मांडीवर घेऊन विंगेत बसले होते. रंगमंचावर जो नट जाई, त्याची वस्तू त्यांच्या बोटांनी माझ्यावर सरके. नवरदेवाचे कपाळ पहिल्यांदा आपटले आणि सभागृहात हशा उठला, तेव्हा त्यांनीही सुपारी माझ्या दारावर आपटली. कंदील आला, उजेड आला. आणि शेवटी, त्या बुटक्या दारात अविनाश आणि नवरदेव खांद्याला खांदा लावून अडकले. "आधी तुम्ही." "अरे आधी तू." लोक हसता हसता टाळ्या वाजवू लागले. हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य थांबवावे लागले. शेषरावांच्या मांडीवर सुपारी आणि चिंचोका माझ्या दारात तसेच अडकून होते आणि त्यांचे दोन्ही डोळे वाहत होते.

पडदा पडल्यावर अविनाश धावत विंगेत आला. त्याने शेषरावांना हाताला धरून रंगमंचावर नेले. मी खुर्चीवरच राहिलो. तेथून मला टाळ्या ऐकू येत होत्या.

पुढे माझे दिवस बदलले. मी कपाटावर गेलो. धूळ बसली, कसर लागली. झुंबरबाईंनी एक हिवाळा माझ्यात लसूण ठेवला. कोणी मला उघडून पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटले. शेषरावांना आता उजेडही कळत नाही.

पण या वर्षी सुचिताने मला खाली काढले, पुसले आणि समोर ठेवले. मंडळीचे नवे नाटक यंदा ती बसवते आहे. माझे पाहून तिने नवा रंगमंच कापला. या वेळी खोके कूलरचे होते. तिने तो शेषरावांच्या मांडीवर ठेवला. त्यांची बोटे फिरली आणि एका खिडकीशी थांबली.

"ही इथं अडते. मागं घे," ते म्हणाले.

सुचिता जरा घुटमळली. मग म्हणाली, "नाही, मामाजी. मले ती इथंच पाहिजे."

झुंबरबाई भाजी निवडायच्या थांबल्या. शेषरावांनी खिडकी पुन्हा चाचपली, तिच्यातून बोट आत घातले, बाहेर काढले. मग दोन्ही हात पुठ्ठ्यावरून उचलून मांडीवर ठेवले.

"हाव," ते म्हणाले. "नाटक तुह्यं आहे. आता मले सांग, मी बसू कुठं?"

"माह्या बाजूले," ती म्हणाली.

मित्रांनो, मला पुन्हा कपाटावर ठेवले तरी माझी तक्रार नाही. पुठ्ठा आहे, कधीतरी कसरीच्या पोटात जाणारच. माझे मागणे माझ्यासाठी नाहीच. तुमच्या घरात एखाद्याचे डोळे गेले, कान गेले, हात कापू लागले, तर त्याचे आवडते काम हळूच त्याच्यापासून काढून घेऊ नका. ते त्याच्या हाताला लागेल असे करून द्या. त्यासाठी फार काही लागत नाही. एक रिकामे खोके, एक कात्री, आणि शेजारी बसायला थोडा वेळ.