कास्टिकचा तांब्या

जळगावच्या साबण कारखान्यात कास्टिक सोड्याचं जहाल पाणी मापायचं भांडं फुटलं, तर अभिमनने सरळ प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलून त्यात ते ओतलं. घटकाभराचाच तर प्रश्न, म्हणे. शहाणाच! तेवढ्यात त्याचा मेव्हणा हिलाल भट्टीवरून घामाघूम आला. तांब्या उंच धरून, ओठ न लावता, त्याने वरून दोन घोट थेट घशात ओतले. बिचाऱ्याला चव कळेपर्यंत ते घशाखाली गेलं होतं.

हिलालला दवाखान्यात नेताना टांग्यात कारखान्याचा मुकादम अभिमनच्या कानाशी लागला. "कास्टिकचं नाव काढलंस तर नोकरी गेली समज, वर पोलीस. शिळंपाकं खाल्लं म्हणून सांग." आणि या भल्या माणसाने मान डोलावली हो!

दवाखान्यात हिलाल पोट धरून लोळत होता. दात आवळलेले, लाळ गळतेय. डॉक्टरांनी ओठ पाहिले. भाजल्याची खूण कुठे नव्हती.

"काय खाल्लंय यानं?"

"शिळी भजी," अभिमन पुटपुटला.

"मग पोट धुऊन काढू. कंपाउंडर, नळी आणा."

कंपाउंडरने रबराची जाड नळी आणली. कास्टिकने भाजलेल्या हाताला नुसता पंचा लागला तरी सालटं निघतात, हे अभिमनने कितीदा सोसलं होतं. तसल्या घशातून ही नळी जाणार?

इतक्यात त्याची बहीण, हिलालची बायको कमलबाई धावत आली. तिने भावाचं तोंड पाहिलं आणि तिथेच थबकली.

"भाऊ, तुले माहीत शे. खरं सांग!"

"साहेब, थांबा! कास्टिक प्यालाय तो. तांब्यात मीच ओतलं होतं."

डॉक्टरांनी नळी भिरकावली. "गाढवा, घसा फाडून मारला असता मी याला! उलटीसुद्धा करवायची नाही. थंड दूध आणा, चमच्याने पाजा."

"जगेल ना, साहेब?"

"चार दिवस निघू देत, मग विचार."

दूध आलं. अभिमनने चमचा पुढे केला, तर हिलालने भेदरून तोंड फिरवलं. पुन्हा केला, पुन्हा फिरवलं. अभिमनला रडू फुटलं.

कमलबाई शांतपणे म्हणाली, "भाऊ, पयले तू पे."

तो प्याला. मग तिने त्याच्या हातातून चमचा काढून घेतला आणि नवऱ्याला स्वतः पाजू लागली.