प्रवाळाच्या डोक्यातल्या लिखा

मी एक जुनी लाकडी फणी आहे. कंगवा नव्हे. कंगवा भांग पाडतो, मी उवा काढते. मित्रांनो, कंगव्याला माणसे खिशात घालून गावभर मिरवतात आणि माझे नाव मात्र कुजबुजत घेतात. चालायचेच. ज्याचा जसा धंदा.

एका कारागिराने शिसवीच्या तुकड्याला दोन्ही अंगांनी बारीक दात पाडले आणि मला घोटीच्या बाजारात सुतळीला टांगले. तिथून सुलाबाईंनी मला उचलले. त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. पुढे त्या नाशिकला आल्या आणि माझ्या कर्तबगारीचा काळ सुरू झाला. रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की वसाहतीतल्या पोरी आमच्या ओट्यावर रांगेने बसत. सुलाबाई एकेकीची मान गुडघ्यात धरत आणि मी कामाला लागे. त्यांतली एक पोर आज मोठ्या कचेरीत बसते आणि भल्याभल्यांना ‘उद्या या’ म्हणते. तिच्या डोक्यात काय काय होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.

मग सुवासिक बाटल्यांतली औषधे आली. माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. तिथे एक गंजलेला अडकित्ता होता. तो दिवसभर जुन्या सुपाऱ्यांविषयी बोलायचा. उपेक्षा म्हणतात ती हीच.

फळीवरून बैठकीची खोली मात्र छान दिसे. नाशिकला नदी आहे, धरणे आहेत, द्राक्षे आहेत. समुद्र तेवढा नाही. ही उणीव सुलाबाईंच्या सुनेने, रोहिणीने, बैठकीच्या खोलीतच भरून काढली. तिने काचेची मोठी टाकी आणली, पाण्यात मोजून मीठ कालवले, त्यात मासे सोडले आणि प्रवाळ वाढवले. सगळ्यांत लाडके होते ते निळ्या फांद्यांचे. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता तिने. जपून जपून त्याचा पसाभर झुबका केला होता.

“हे झुडूप पाण्यात कुजत कसं नाय?” सुलाबाईंनी एकदा विचारले.

“झुडूप नाही, आई. प्राणी आहे. जिवंत आहे.”

“मग हलत का नाय?”

“तुमचा मुलगा तरी रविवारी कुठे हलतो?”

मुलगा, म्हणजे रोहिणीचा नवरा धनराज, कोचावर आडवा होता. त्याने हे ऐकले, पण तो हलला नाही.

एके दिवशी निळ्या फांद्या फिक्या पडल्या. त्यांवर गोल गोल पांढरे डाग उमटले, कोणी बारीक तोंडाने चावे घ्यावेत तसे. रोहिणीने भिंग लावले. प्रवाळाच्याच रंगाच्या चपट्या किडी अंगाला चिकटून त्याला खात होत्या. इतक्या बेमालूम, की त्या हलल्या तेव्हाच दिसल्या.

तिने बादलीत टाकीतलेच खारे पाणी घेतले, त्यात प्रवाळाचे औषध मिसळले, झुबका त्यात बुडवला आणि पिचकारीने पाण्याचे फवारे मारले. किडी गळून तळाशी पडल्या. धनराजने लगेच बादलीचा फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘मिशन सक्सेसफुल’ असे लिहिले आणि पेढे आणले. पेढे त्यानेच खाल्ले.

पंधरवडा गेला. खालच्या दोन फांद्या पार पांढऱ्या झाल्या, मेल्या. नवे चावे शेंड्याकडे सरकत होते.

रोहिणी टाकीपुढे जमिनीवर बसली. “हा झुबका गेला तर मी टाकी बंद करणार,” ती म्हणाली. “मासे देऊन टाकीन. पुन्हा असलं काही पाळणार नाही.”

धनराज म्हणाला, “अगं, पण आपण तर जिंकलो होतो ना? मी ग्रुपवर टाकलंय.”



सुलाबाई सुनेशेजारी येऊन बसल्या. “औषध घातलं व्हतं ना? किडी मेल्या ना? मग आल्या कुठून?”

“मोठ्या मेल्या, आई. अंडी राहिली. हे बघा, मेलेल्या फांदीच्या बुडाशी, तपकिरी ठिपके. औषध अंड्यांना लागतच नाही. म्हणजे कसं, उवा मेल्या आणि लिखा…”

इथे रोहिणी थांबली. मग तिने मान वळवून फळीकडे पाहिले. सुलाबाईंनीही पाहिले. मित्रांनो, अडकित्त्याचे बोलणे त्या दिवशी प्रथमच अर्धवट राहिले.

“नाय,” सुलाबाई म्हणाल्या. “माझी फणी दगडाला लावायची नाय.”

“दगड नाही, आई.”

“प्राणी, प्राणी. ठावं हाय.” त्यांनी उठून मला फळीवरून खाली घेतले. “पण तू हात लावू नको. तुला सोताचा भांग धड पाडता येत नाय. मी काढते.”

“काढा. पण आधी हिचं तेल काढावं लागेल. टाकीत तेलाचा थेंब गेलेला चालत नाही.”

माझ्या अंगात खोबरेल मुरले होते, आणि तीच माझी इभ्रत होती. रोहिणीने मला पातेल्यात उकळले, पाणी बदलून पुन्हा उकळले. मी बाहेर आले तेव्हा अगदी कोरडी, फिकी आणि नवशिकी दिसत होते.

मग झुबका बादलीत आला. सुलाबाईंनी तो गुडघ्यांमध्ये धरला, अगदी वसाहतीतल्या पोरीसारखा.

“जिवंत भागाला धक्का लावू नका,” रोहिणी टॉर्च धरून म्हणाली. “फक्त बुडाचा पांढरा भाग.”

“मला शिकवतीस? कातडं न खरवडता लीख काढायची असती.”

माझे दात फांद्यांच्या बेचक्यांत शिरले. तिथे दुसरे काही शिरलेच नसते. एकेक ठिपका सुटून आला. शेवटी माझा एक दात मोडला. आयुष्यात काही दात असेच कारणी लावायचे असतात.

यावेळी पेढे आले नाहीत. दर आठवड्याला औषध, फवारा आणि मी, असा क्रम चालू राहिला. आधी बादलीत दोन-चार किडी पडत, मग एखादी, मग एकही नाही. तरी रोहिणी आणखी काही आठवडे बादली भरतच राहिली. सुलाबाई चष्मा लावून तळ न्याहाळत आणि ‘नाय’ म्हणत. इतक्या आनंदाने ‘नाय’ म्हणताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

आता झुबका पुन्हा निळा आहे. पांढऱ्या पडलेल्या बुडावर नवी कातडी चढते आहे, आणि दिवे लागले की फांद्यांवर बारीक तोंडे उमलतात. माझे बिऱ्हाड टाकीशेजारी एका स्वच्छ पेल्यात आहे. नवे प्रवाळ घरात आले की ते थेट टाकीत जात नाही. आधी सुलाबाई त्याला बादलीत घेऊन उलटासुलटा तपासतात.

“डोकं दाखव,” त्या त्याला म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही काही ना काही न बोलणारे, न हलणारे, तरी जिवंत असेल. औषध घातले, फोटो काढला, की काम झाले असे समजू नका. आठवड्याने पुन्हा वाका आणि बुडाशी पाहा. नजर अधू असेल तर चष्मा लावा. आणि मला बोलवायचे झाले तर नाव कुजबुजत घेऊ नका. खणखणीत हाक मारा: फणी.