निंबावरचा भोंगा

फोन कानाला घट्ट लावला तरी सुगंधाबाईला लेकीचा आवाज ऐकू येईना. तिनं पंखा बंद केला, श्वास रोखला, तरी नाही. आणि बाहेर, अंधारायला लागलेल्या केळीच्या बागेतून कुणीतरी बोलायला लागलं. बाईमाणूस. शब्द पानांच्या सळसळीत विरत होते; पण पोटच्या पोरीचा आवाज कुठली आई ओळखणार नाही? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नूतननं दोन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा तिच्या बापानं, झिपरू आबांनी, गिरणा नदीत उतरून, ती मेली म्हणून तिच्या नावानं आंघोळ केली होती. घरात तिचं नावही काढायचं नाही, म्हणून बजावलं होतं. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं चोरूनच, फोनवर बोलून धाडलेल्या निरोपांतून. पोर भलती हुशार! "आई, याले पक्कं कुलूप शे. एक डाव ऐकं का निरोप पुसाई जास. देवलेबी समजाव नई," असं तिनंच शिकवलं होतं.

कुलूप पक्कंच होतं हो! पण रानडुकरं हाकलायला बागेतल्या निंबावर बांधलेला भोंगा याच फोनला बिनतारी जोडलेला. रोज सुगंधाबाई आधी निरोप ऐकायची आणि मग भोंगा चालू करून त्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावायची. आज बागेत गेलेल्या आबांनी तो आधीच चालू करून ठेवला होता. हे तिच्या ध्यानात येईतो निरोप संपला आणि पुसलाही गेला.

आबा धावतच आले. एका पायात चप्पल नाही, तोंड पांढरंफटक. उंबऱ्यातच मटकन बसले.

"आपली नूतन मरी गई वं!" ते ढसाढसा रडायला लागले. "कोनीच नई तठे, आन् केयीमाईन ती बोलनी. मीच मारी टाकी तिले. जित्ती व्हती तवय आंघोय करी मी."

सुगंधाबाईनं फोन पदराखाली धरला होता. गप्प राहिलं तर गुपित राहत होतं. पण या माणसाला असं रडताना तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिला राहवेना. तिनं फोन त्यांच्यापुढं ठेवला.

"आवो, जित्ती शे ती. मना फोनवर बोलनी, आवाज भोंगामाईन उना. काय बोलनी, ते माले नई ऐकू उनं. सांगा ना."

आबांनी बाहीनं तोंड पुसलं.

"धुयाले शे म्हने. आखाजीले माहेरले येऊ का, म्हने." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आबाले नको सांगजो, म्हने."

बाहेर भोंगा नुसताच खरखरत होता.

आबा उठले. नूतन आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, झोका घ्यायची, तो दोर दोन वर्षं माळ्यावर पडून होता. तो त्यांनी खाली ओढला, धूळ झटकली.

"मंग माले नकोच सांगजो," ते म्हणाले आणि दोर खांद्यावर टाकून निंबाकडं निघाले.