बारदान कापलेला काटा

मी काटा बोलतोय. पायात रुतणारा नव्हे, वजनाचा. वर कडी, खाली हूक, मध्ये गोल तबकडी आणि तबकडीवर एक लाल सुई, असं माझं रूप. सध्या मुक्काम जर्मनीत, नर्सांच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या बाजूच्या खुंटीवर. मूळ गाव सावरगाव. जाम नदीचा पूल ओलांडला की पांढुर्ण्याचा बाजार, एवढ्या जवळचं. मी इथवर कसा आलो म्हणता? माझ्या इच्छेनं तर मुळीच नाही.

गुणवंतानं मला नागपूरच्या इतवारीतून आणलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. शेतात कापूस, बांधाकडच्या तुकड्यात संत्र्याची झाडं. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बाया आपापलं गाठोडं घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, यायच्या. दोन गडी एक बल्ली, लांब वासा, खांद्यावर घ्यायचे, बल्लीला मधोमध मी आणि माझ्या हुकाला गाठोडं. गुणवंता सुईकडे बघून मोठ्यानं वजन सांगायचा. पहिल्या गाठोड्याला मात्र तो आधी "लाभ" म्हणायचा. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तो शब्द ऐकला की माझी स्प्रिंग आपोआप ताठ व्हायची.

आता बारदानाचं सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळंच घडलं. कापूस ज्यात बांधतात ते पोतं म्हणजे बारदान. त्याचं वजन कापसात धरत नाहीत, वजा करतात. दर गाठोड्याला वजाबाकी कोण करत बसणार? गुणवंतानं डोकं लावलं. माझा वरचा स्क्रू फिरवला आणि सुई शून्याच्या दीड किलो मागं नेऊन ठेवली. बारदान कापलं गेलं, कटकट मिटली. तेव्हापासून मी रिकामा असलो की माझी सुई शून्याच्या मागंच उभी असते.

दामिनी झाली आणि दवाखान्यातून घरी आली, तेव्हा गुणवंताला हौस आली. बायकोच्या, मीनाच्या, हिरव्या लुगड्याची झोळी केली, झोळीत पोरगी आणि झोळी माझ्या हुकाला. मी श्वास रोखून धरलं तिला. सुई दीडपाशी थांबली. मीनाचा चेहरा पडला.

"अजी, दवाखान्यात त तीन किलो सांगतलं होतं. पोरगी अर्धी झाली का?"

"बारदान कापलं आहे व," गुणवंता हसत म्हणाला. "दीड मिळव."

मीनानं त्याला असं काही सुनावलं की चार दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. पुढं ते लुगडं जुनं झालं तेव्हा तिनं त्याचे दोन तुकडे केले. एकात मला गुंडाळायला लागली आणि दुसरा पेटीत ठेवला.

झोळीतली ती पोरगी मोठी झाली, नर्स झाली, नागपूरच्या एका दवाखान्यात लागली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी जर्मनीले जाऊन राहिली." मग वर्षभर घरात दुसरा विषय नाही. ती अंगणात फिरत जर्मन पाठ करायची. भाषेच्या परीक्षेत पहिल्यांदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. पदवीचे कागद भाषांतराला गेले, शिक्क्यांसाठी भोपाळला गेले, मग व्हिसासाठी ती मुंबईला. शेजारचे नत्थूजी रोज संध्याकाळी येऊन नवीन भीती घालून जात. कधी तिथं सहा महिने सूर्य दिसत नाही, कधी तिथं माणसं बोलतच नाहीत. नत्थूजी स्वतः छिंदवाड्याच्या पलीकडं कधी गेले नव्हते.

गुणवंता हो म्हणेना आणि नाही पण म्हणेना. शेवटी एकदाच बोलला. "जा. पण नाही जमलं त परत ये. लाजू नको. तिकीट मी काढतो." पोरगी तिथं टिकते की नाही, ही एकच भीती त्या घरात सगळ्यांच्या पोटात होती.

निघायच्या दिवशी अंगणात मोठी बॅग भरली. जाड कोट, ड्यूटीचे बूट, शब्दकोश, कुकर. आणि मीनाचं गाठोडं. त्यात ज्वारीचं पीठ, मुगाच्या वड्या, जवसाची चटणी आणि घरचं तिखट, सगळं पेटीतल्या त्या हिरव्या तुकड्यात बांधलेलं. विमान कंपनीनं सांगितलेल्या वजनाच्या वर एक तोळाही चालणार नव्हता. मग काय, दामिनीचा भाऊ वैभव आणि नत्थूजी यांच्या खांद्यावर बल्ली, बल्लीला मी, हुकाला बॅग. "लाभ," गुणवंता म्हणाला, आणि सुई बरोबर हव्या त्या आकड्यावर. काय खूश झाले सगळे. मी आपला ओरडतोय, अरे बाबांनो, बारदान, बारदान. काट्याचं कोण ऐकतं? एरवी वजन सांगतो तेव्हा मात्र सगळे कान टवकारतात.

वाटेत जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेतलं आणि गाडी नागपूर विमानतळावर लागली. मलाही बरोबर घेतलं होतं, असू दे कामी येते म्हणून. आणि मी कामी आलो. तिथल्या मशीनवर बॅग दीड किलो जास्त भरली.

"म्याडम, तुमची मशीन बिघडली असन," गुणवंता खिडकीतल्या मुलीला समजुतीच्या सुरात म्हणाला. "थांबा, मी काटा आणतो." आणि खरोखरच गाडीतून मला घेऊन आला. मागच्या रांगेतली माणसं तोंड लपवून हसत होती. गुणवंतानं माझं फडकं सोडून मला सर्वांसमोर वर धरलं. मी रिकामा आणि सुई शून्याच्या मागं.

दामिनीनंच पाहिलं. "बाबा, बारदान."

गुणवंतानं कपाळावर हात मारला. पंचवीस वर्षं ज्या सुईकडे रोज पाहिलं, ती कुठं उभी असते हे त्याला दिसेनासं झालं होतं. माणसाचं असंच असतं, रोजचं ते दिसत नाही.

मग तिथंच फरशीवर बॅग उघडली. मीना म्हणाली, "काय काढाचं ते काढा, माह्या गाठोड्याले हात लावू नका." कुकर बाहेर निघाला. तो तळाशी होता, म्हणून आधी गाठोडं बाहेर ठेवावं लागलं. गुणवंतानं सवयीनं मला फडक्यात गुंडाळून गाठोड्याच्या शेजारी ठेवलं. दोघंही हिरव्या लुगड्यातले. तिकडं घाई करा म्हणून हाका सुरू. वैभवनं एक हिरवं गाठोडं उचललं, बॅगेत कोंबलं आणि चेन लावली.

ते हिरवं गाठोडं म्हणजे मी.

विमानाच्या पोटातला प्रवास सांगत बसत नाही. थंडीनं माझी स्प्रिंग आखडली एवढंच. दामिनी वसतिगृहात पोचली तेव्हा रविवारची दुपार होती आणि त्या गावात रविवारी दुकानं बंद. तिनं विमानातही काही खाल्लं नव्हतं, पोचल्यावर आईच्या हातची चटणी आणि गरम भाकरी खायची म्हणून. हात धुऊन बॅग उघडली, हिरवं फडकं सोडलं. मी आणि ती एकमेकांकडे बघत राहिलो. ती आधी हसली. मग बॅगेवर बसून रडली. मला माझ्या लोखंडाची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात मीनाचा फोन. "पोचली का व? जेवली का? वड्या केल्या का?"

दामिनीनं डोळे पुसले. "हो आई. वड्याच केल्या. छान लागल्या."

जन्मभर माझ्यासमोर कोणी वजन चुकीचं सांगितलं तर मला सहन होत नसे. पण हे खोटं मी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

शेजारच्या खोलीत धडपड चालली होती. केरळची बिन्सी मंगळवारी सुट्टीवर घरी निघणार होती आणि बॅग किती भरली ते तिला कळत नव्हतं. ती पिन मागायला दारात आली आणि मला बघून थबकली. तिचं हिंदी मोडकं, दामिनीचं जर्मन त्याहून मोडकं, पण काटा कोणालाही कळतो. दोघींनी फरशी पुसायचा दांडा काढला, दोन टोकं दोघींच्या खांद्यावर, मधोमध मी. बॅग लटकली आणि दामिनीच्या तोंडून आपोआप निघालं, "लाभ." मग सुई बघून म्हणाली, "दीड मिळव." एकदा ठेच लागलेली पोरगी ती.

बिन्सीनं तिला भात आणि सांबार वाढलं. तिखट एवढं झणझणीत की दामिनीला पुन्हा रडू आलं, पण या वेळी पोट भरत होतं. दुसऱ्या दिवशी बिन्सी तिला पत्ता नोंदवायच्या कचेरीत घेऊन गेली. कारण तिथं पत्ता नोंदवल्याशिवाय बँकेत खातं उघडत नाही, खात्याशिवाय पगार येत नाही, आणि नोंदणीची वेळ मात्र महिन्याभरानं मिळते. बिन्सीनं कोणाला तरी गळ घालून ती लवकरची मिळवली. जाताना आपल्या कपाटातले डाळ-तांदूळ दामिनीच्या हवाली करून गेली.

पण बिन्सी गेल्यावर खरे दिवस सुरू झाले. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाया पुस्तकातलं जर्मन बोलत नसत, त्यांच्या गावचं बोलत. अहो, सावरगावचं बोलणं तरी कुठं पुस्तकात आहे? पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत नर्स असून मदतनिसाचं काम. एकदा फोनवरचा निरोप दामिनीला नीट कळला नाही आणि मोठी नर्स तिला सर्वांसमोर बोलली. त्या दिवशी गुणवंताचा फोन आला. "जमून राहिलं ना? नाही त तिकीट काढतो." ती म्हणाली, "पाहते बाबा." फोन ठेवला आणि कपाटातले कपडे काढून बॅगेत भरायला लागली.

माझा जीव खाली-वर व्हायला लागला. घरी जायचं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

इतक्यात दारावर टकटक. फिलिपिन्सच्या दोघी नर्स, एक मोठी बॅग ओढत आलेल्या. बिन्सीनं त्यांना फोनवर सांगितलं होतं की तिची बॅग विमानतळावरच्या मशीनवर अगदी बरोबर भरली, तुम्ही पण त्या नव्या मुलीकडे जा. दामिनीनं आपल्या उघड्या बॅगेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग दांडा आणायला उठली. त्या दोघींनी खांदे दिले, तिनं सुई पाहिली. जाताना त्यांनी तिला जेवायला ओढून नेलं, आणि तिथं त्यांनी तिच्याकडून फोनवरच्या निरोपांत येणारे जर्मन शब्द दहादा घोकून घेतले. परत आल्यावर तिनं कपडे पुन्हा कपाटात लावले. ती लावत असताना मी तिच्या खोलीतल्या खुंटीवर होतो आणि मला गाणं येत असतं तर मी ते म्हटलं असतं.

आता सावरगावचं ऐका. तिकडं विमानतळावरून परत नेलेलं दुसरं हिरवं गाठोडं काटा समजून खुंटीला टांगलेलं होतं. महिनाभर कोणी हात लावला नाही. मग कापसाची पहिली वेचणी आली. सकाळी बायांनी सीतादही केलं, म्हणजे झाडांच्या ओळीत दहीभात ठेवून कापसाची पूजा केली. संध्याकाळी गाठोडी धुऱ्यावर आली, बल्ली खांद्यावर चढली, गुणवंतानं फडक्याची गाठ सोडली आणि सगळ्या बायांसमोर मुगाच्या वड्या मातीत सांडल्या.

बाया हसून हसून खाली बसल्या म्हणे. मीना मात्र हसली नाही. तिला सगळं एकदम कळलं. तिनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. दामिनीला त्या दिवशी सुट्टी होती आणि तिच्यापुढं स्वयंपाकघरात एका पोरीची बॅग माझ्या हुकाला लटकलेली होती.

"वड्या छान लागल्या म्हने," मीना म्हणाली. "वड्या त अथी आहेत व. मंग तू खाल्लं काय?"

दामिनीनं फोन फिरवून मीनाला दाखवलं. दांडा खांद्यावर घेतलेल्या दोघी, मधोमध मी, मागं बॅगा घेऊन उभ्या तिघी, आणि गॅसवर कोणाची तरी भाजी.

"आई, हा काटाच खाऊ घालून राहिला मले."

मीना रडत रडत हसली. गुणवंतानं फोन हातात घेतला. माझ्याकडे बघून त्याचा ऊर भरून आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यानं विचारलं तेच, जे तो नेहमी विचारायचा. "मंग, तिकीट काढू का?"

"काढा बाबा," दामिनी म्हणाली. "दोन काढा. तुमचं अन् आईचं. उन्हाळ्यात या, अन् वड्या घेऊन या."

पलीकडं गुणवंतानं फोन बल्लीकडे फिरवला. मग गुणवंता म्हणाला, "नत्थूजीचा काटा मागून आणला आहे, बटनाचा. गाठोडं लटकवून ठेवलं. माहा आवाज निघून नाही राहिला. तू म्हन."

दामिनीनं माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लाभ." तिकडं सावरगावच्या धुऱ्यावर वर्षाचा पहिला कापूस मोजला गेला.

आता बिन्सी परत आली आहे आणि वसतिगृहात माझा थाट आहे. कोणी म्हणालं, काट्याची सुई शून्यावर आणून देऊ का, तर दामिनी म्हणते, हात लावू नका, ती बाबांनी ठेवलेली आहे. भिंतीवर सहा भाषांत लिहून ठेवलंय की दीड किलो मिळवा. तुमच्या घरून कोणी परदेशी निघालं असेल तर त्याचा काटा एकदा रिकामा लटकवून बघा, एवढंच माझं मागणं. बाकी गप्पा पुन्हा कधी, दारात एक नवीन पोरगी बॅग घेऊन उभी आहे. तिला मराठीचा म अजून येत नाही, पण माझ्याकडे बघून तिनं हसत, इथल्या पोरींकडून ऐकलेला तो शब्द उच्चारलासुद्धा.

लाभ.